स्नोमोबाइलचा पट्टा, त्याचा झोळ आणि तो खडखडाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत गुलमर्गच्या ट्रिपवर एक लेख आला होता. लेख छान होता, गोंडोला, काहवा, फिरन घालून फोटो सगळं होतं, पण शेवटी लेखिकाताईंनी एक पिंक टाकलीय की तिथली ती बर्फावरची स्कूटर (स्नोमोबाइल) म्हणजे कानठळ्या बसवणारा प्रकार आहे, इंजिनचा आवाज सहन होत नाही, सरळ बंद करून टाका. आता बंद करायची का चालू ठेवायची ते तिथल्या लोकांनी ठरवावं, त्यात मी पडत नाही, पण "इंजिनचा आवाज" हे वाचलं आणि मला राहवलं नाही. कारण मी राहतो अमेरिकेत, मिनेसोटात, डुलुथच्या वरच्या अंगाला, इथे थंडीत घरापुढे मोटरसायकल असावी तशी प्रत्येक दुसऱ्या घरापुढे स्नोमोबाइल उभी असते, माझ्याकडेही एक आहे, आणि त्या आवाजातला बराचसा आवाज इंजिनचा नसतोच हो. तो असतो खालच्या पट्ट्याचा. आणि पट्टा ओरडतो तो बहुतेक वेळा त्याचा ताण चुकलाय म्हणून.

ज्यांनी हे यंत्र जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे दोन स्की, त्या फक्त वळायला, आणि मागे चाक नाही तर रबराचा रुंद पट्टा, आतून तंतूंनी विणलेला, आडव्या फायबर ग्लासच्या कांड्या घातलेल्या, बाहेरून रबराची उंच बोटं जी बर्फात रुततात. ह्या पट्ट्याला पुढून एक दातेरी चक्र ओढतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि आत दोन लांब रूळ असतात ज्यांच्यावर सगळं वजन. त्या रुळांना खालून गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी लावलेली असते, तिला इथे सगळे हायफॅक्स म्हणतात, पट्ट्याच्या आतल्या लोखंडी क्लिपा तिच्यावरून घसरत जातात. म्हणजे ह्या गाडीत मुख्य भार चाकावर नसून घसरण्यावर आहे, चाकं आहेत पण मदतीला. आणि त्या घसरण्याला वंगण कुठलं, तर पट्टा स्वतःच उडवतो तो बर्फ. ग्रीस नाही, ऑइल नाही, बर्फ! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो, मग पहिल्याच सीझनला माझ्या गाडीची हायफॅक्स वितळली आणि हसू गेलं.

ती माझीच चूक. २०११ साली सेकंडहँड गाडी घेतली, पट्टा १३६ इंची, हलवून बघितला तर मला ढिला वाटला. आता माझ्या डोक्यात काय, तर आपल्या वडिलांची विट्याच्या अलीकडे पिठाची गिरणी होती, तिथला चामड्याचा पट्टा ढिला झाला की घसरायचा, मग वडील त्यावर राळ टाकायचे, आणि तरी ऐकला नाही तर कापून शिवून आवळायचे. पट्टा आवळलेला बरा, हे मी लहानपणापासून बघितलेलं. म्हणून पाना घेतला आणि मागचे दोन्ही बोल्ट दणादण फिरवले, पट्टा तबल्यासारखा टणक होईपर्यंत. फार समाधान वाटलं. गाडी मात्र दुसऱ्या दिवसापासून जड चालायला लागली, पेट्रोल जास्त, वेग कमी, आणि एक बारीक किर्रर्र असा आवाज जो मी इंजिनचाच समजत होतो. फेब्रुवारीत बर्फ कमी होता, ट्रेल, म्हणजे ह्या गाड्यांची ठरलेली वाट, कडक बर्फाळ झालेली, तासभर चालवली आणि जळक्या प्लास्टिकचा वास. उलटी करून बघितली तर हायफॅक्स अर्धी खलास, क्लिपांना चिकटलेली, आणि मागच्या दोन चाकांची बेअरिंगं खरखर करत होती. एका दुकानात नेली तर तिथल्या माणसाने बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला पट्टाच नवीन टाका. नवा पट्टा म्हणजे शेकड्यांनी डॉलर! मी म्हटलं बघतो.

शेजारी एक गृहस्थ आहेत, इथलेच जन्मलेले, आता ऐंशीच्या घरात, आम्ही घरात त्यांना आजोबा म्हणतो आणि त्यांनाही ते माहितीय. त्यांनी गाडी बघितली, पट्टा बोटाने ढकलला, तो हललाच नाही, आणि मला म्हणाले की बाबा रे तू ह्याचा गळा आवळलायस. गिरणीच्या पट्ट्याचं आणि ह्याचं गणित उलटं आहे. गिरणीचा पट्टा गुळगुळीत चाकावर असतो, त्याला पकड पाहिजे म्हणून ताण पाहिजे. ह्याला दात आहेत, दातात दात बसलाय, मग जास्तीचा ताण कशाला? तो सगळा जातो बेअरिंग खायला, प्लास्टिक खायला आणि पट्टा लांब करायला. मला एकदम सायकलची चेन आठवली. चेन कधी कुणी तबल्यासारखी ताणतो का, बोटाने थोडी हलली पाहिजे ना.

मग मी काय केलं, अक्कल आली म्हणून दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या वर्षी चांगला ढिला ठेवला. तर काय विचारू नका. गॅस दिला की खाड्! ब्रेक मारला की धाड्! शेतातून जात होतो आणि खरंच वाटलं की खाली दगड लागला. इथे ह्याला रॅचेटिंग म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरचा दात पट्ट्याच्या खाचेतून निसटून पुढच्या खाचेत पडतो, एक घर सोडून उडी मारतो. प्रत्येक खाड् म्हणजे रबराच्या एका दातावर घाव, असे शंभर झाले की दात झिजून गोल होतात, मग ताण बरोबर केला तरी पट्टा निसटतच राहतो, तेव्हा मात्र नवीन टाकण्यावाचून इलाज नाही. आणि धाड् का, तर गॅस देताना ड्रायव्हर वरची बाजू ओढतो त्यामुळे सगळी ढिलाई खाली पुढच्या बाजूला साचते, ब्रेक मारला की उलटं होतं, ढिलाई वर जाते आणि वरचा पट्टा टनेलच्या, म्हणजे सीटखालच्या पत्र्याच्या बोगद्याच्या, छताला आपटतो. ज्यांच्या पट्ट्याला बर्फात पकडीसाठी लोखंडी खिळे मारलेत त्यांचं तर त्या छताला लावलेल्या, इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या कूलरलाच भोक पडू शकतं, म्हणजे जंगलात मधेच गरम पाणी सांडून गाडी बंद, आणि बाहेर उणे पंचवीस.

तर मधला मार्ग कसा काढायचा, हे आजोबांनी शिकवलं आणि तेच मला सांगायचंय, कारण मराठीत हे कुठे वाचायला मिळणार. गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलायचा, पट्टा अधांतरी लटकला पाहिजे. त्याआधी गाडी जरा चालवून आणायची, थंडगार आखडलेल्या पट्ट्यावर माप घेऊ नये, आणि टनेलमधला गोठलेला बर्फ ठोकून काढायचा, नाहीतर पट्टा खोटा ताठ लागतो. इंजिन बंद, किल्ली खिशात. मग पट्ट्याच्या खालच्या बाजूला, माझ्या गाडीला मागच्या चाकापासून साधारण १६ इंच पुढे, खाली ओढायचं, पण हाताने अंदाजपंचे नाही, मोजून १० पौंड म्हणजे साडेचार किलो. त्यासाठी मी काय वापरतो सांगू? रद्दीवाल्याचा काटा! तो हुकवाला स्प्रिंगचा काटा. सांगलीहून येताना बॅगेचं वजन करायला म्हणून आणला होता, तो आता गॅरेजमध्ये खिळ्याला असतो. काट्यावर साडेचार आला की हायफॅक्सच्या खालच्या कडेपासून पट्ट्यातल्या क्लिपेपर्यंत किती झोळ पडला तो फुटपट्टीने मोजायचा. माझ्या गाडीला तो साधारण एक इंच पाहिजे, पाव इंचाचा फरक चालतो पण दोन इंच नाही चालत. हा आकडा माझ्या गाडीचा आहे बरं का, दुसऱ्या कंपनीत वजनही वेगळं आणि झोळही वेगळा, डोंगरावरच्या लांब पट्ट्याच्या गाड्यांचं तर अजूनच वेगळं, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक उघडायचं, माझा आकडा उचलायचा नाही.

झोळ चुकला असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचा मोठा बोल्ट आधी सैल करायचा (हे विसरून नुसते मागचे दोन बारीक बोल्ट पिळणारे लोक मी बघितलेत, आटे जातात) आणि मग डावा उजवा दोन्ही सारखे फिरवायचे, पाव फेरा इकडे की पाव फेरा तिकडे. परत काटा, परत फुटपट्टी. दोन तीन वेळा करावं लागतं. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे पण वीस मिनिटांच्या वर लागतही नाही.

आणि इथेच अर्धे लोक थांबतात, पण पट्टा सरळ चालतोय का ते बघायचं राहतं. स्की भिंतीला टेकवून, मागचं टोक तसंच उचललेलं ठेवून, इंजिन चालू करून पट्टा अगदी हळू फिरवायचा, मग बंद करून तो आपोआप थांबू द्यायचा आणि दोन्ही रुळांजवळची फट बघायची. पट्टा ज्या बाजूला सरकलेला असेल ती बाजू जरा घट्ट करायची, तो नेहमी ढिल्या बाजूकडे पळतो. वाकडा चालला तर ताण कितीही बरोबर असू द्या, एका बाजूची हायफॅक्स आणि एका बाजूचे आतले रबरी कान खाल्ले जातात आणि घासल्याचा आवाज येत राहतो. शेवटी अ‍ॅक्सलचा बोल्ट परत आवळायचा, पुस्तकात दिलाय तेवढा. आणि पट्टा फिरत असताना मागे कुणी, म्हणजे कुणीही, उभं राहायचं नाही, पोरं तर अजिबात नाहीत. खिळा सुटला तर गोळीसारखा येतो.

नवीन पट्टा पहिल्या काही शे मैलांत लांबतो, तेव्हा परत परत बघावा लागतो, पुढे महिन्यातून एकदा पुरे.

आता आवाजाचं. हे सगळं करून गाडी मुकी होते का? नाही. उगाच खोटं कशाला सांगू. माझ्या पट्ट्यावरच्या आडव्या ओळी २.५२ इंचांवर आहेत, म्हणजे ६४ मिलिमीटर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, भागाकार करा, सेकंदाला ३१२ वेळा एकेक ओळ दातावर आणि चाकांवर येते. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे त्यामुळे मला सुराचा नाद, मी बघितलं तर ३११ म्हणजे काळी दोन! मग ताशी ९६ ला बघितलं तर ४१६ च्या आसपास, म्हणजे काळी चार. सा वरून थेट मध्यमावर. तेव्हापासून मला वेगाच्या काट्याकडे बघायची गरजच पडत नाही, गंमतीने सांगतोय, बघतो मी. तर हा सूर ताणावर अवलंबून नाही, तो वेगावर आणि ओळींच्या अंतरावर आहे, तो राहणारच. पण त्या सुरावर जो खडखडाट, आपटणं, किरकिर, क्लिपा कोरड्या घासल्याची चरचर असते ना, ती जाते. पेटी तीच, फक्त भाता फाटलेला नाही एवढा फरक. माझी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओळखते, आज नीट आहे, आज काहीतरी वाजतंय.

आणि इंजिनला उगाच शिव्या नकोत असं म्हणतोय कारण इथे इंजिनवर पूर्वीच बरंच काम झालंय. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांनीच मर्यादा घालून घेतलीय, पूर्ण गॅसवर ५० फुटांवरून ७८ डेसिबलच्या आत. सायलेन्सर काढून भोंगा लावणारी पोरं इथेही आहेत, आपल्याकडे बुलेटला लावतात तशीच, त्यांना काही बोलून उपयोग नाही. पण साध्या गाडीत एक्झॉस्ट जसजसा शांत होत गेला तसा पट्ट्याचा आवाज उघडा पडला, आधी तो झाकला जायचा. आणि त्याने नुसतं कान दुखत नाहीत, इथे तर रस्ताच जातो. मिनेसोटात ट्रेलचं जाळं २२,००० मैलांच्या वर आहे आणि त्यातला मोठा भाग लोकांच्या खाजगी शेतातून, जंगलातून जातो, शेतकऱ्याच्या मर्जीवर. त्याच्या गाई बिथरल्या, झोपमोड झाली की तो कुंपण घालतो आणि सगळ्या गावाची वाट बंद. आमच्या क्लबात ह्यावर दर वर्षी डोकेफोड असते आणि सगळे फक्त सायलेन्सरवर बोलतात, पट्ट्यावर मी आणि आजोबा दोघंच.

थोडं विषयांतर होतंय पण हा दातेरी चक्राचा आणि पट्ट्याचा विषय ज्या माणसाने पुढे नेला त्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॅनडात क्वेबेकमधलं वाल्कूर नावाचं गाव, तिथला मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिये. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट तो आधीपासून करतच होता, त्यानंतर हटूनच बसला, आणि १९३७ ला रबर चढवलेल्या दातेरी चक्राचं आणि पट्ट्याचं पेटंट घेतलं, पुढे १९५९ ला त्याची स्की-डू नावाची छोटी स्नोमोबाइल आली. आणि पोलारिस ही दुसरी मोठी कंपनी सुरू झाली ती आमच्याच राज्यात, वर रोझो गावात, १९५४ साली. सांगायचं म्हणजे हे यंत्र मुळात अडलेल्या माणसाला बाहेर काढायला बनलं, हौसेचं नंतर झालं. आजही आपल्या सियाचिनला लष्कर स्नो स्कूटर वापरतंच की.

परत गुलमर्गवर येतो. माझी मामेबहीण गेल्या थंडीत तिथे गेली होती, तिने व्हिडिओ पाठवला, भाड्याच्या गाडीवर मागे बसलीय आणि किंचाळतेय. तिच्या किंचाळण्यातून मला गाडी निघताना दोनदा खाड् खाड् ऐकू आलं. परत लावून ऐकलं. पट्टा ढिला. त्या बिचाऱ्या गाडीवाल्याचाही दोष मी पूर्ण धरत नाही, दिवसभरात कितीतरी फेऱ्या, दोन दोन तीन तीन माणसं बसवलेली, सतत थांब-निघ थांब-निघ, पट्टा सगळ्यात जास्त मार खातो तो ह्याच प्रकारात, आणि सुटे भाग तिथे काय कोपऱ्यावर मिळत नाहीत. उलट त्यालाच ह्याची जास्त गरज आहे, कारण झिजला तर त्याचा हंगाम बुडाला. आणि हल्ली बर्फाचंही खरं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला जमीन उघडी पडली होती, बातम्या तुम्हीही छापल्या असतील, आणि तोच हिवाळा आमच्याकडे मिनेसोटात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात उबदार, ट्रेलवर चिखल. अशा वेळी पातळ बर्फावर, बर्फाच्या कडक सालपटावर गाडी पळवली की हायफॅक्सला वंगण मिळत नाही, त्यात पट्टा घट्ट असेल तर काही मैलांत वितळते. इथे लोक रुळांना स्क्रॅचर लावतात, म्हणजे स्प्रिंगची वाकडी टोकं, ती खालचा कडक बर्फ खरवडून भुसा आत उडवतात. साधी वस्तू आहे, आपल्याकडचा कुठलाही लोहार बघून करून देईल असं मला वाटतं.

लेखिकाताईंवर राग नाही, त्यांना आवाजाचा त्रास झाला तो झालाच, तो खरा आहे. फक्त पुढच्या वेळी इंजिनला शिवी देण्याआधी जरा खालचं ऐकावं. पत्र लांबलं, कापलंत तरी चालेल, पण रद्दीवाल्याच्या काट्याचा भाग कृपया कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक
डुलुथ, मिनेसोटा

ता. क. पत्र पाठवायच्या आधी मामेबहिणीला वाचायला दिलं तर तिने विचारलं, मग मी तिथे उभी राहून नक्की काय बघायचं होतं? सांगतो. गाडी ओंडक्यावर किंवा स्टँडवर उचललेली असेल आणि बंद असेल, तर रूळ आणि पट्टा ह्यांच्या मध्ये बोटं आडवी घालून बघ. दोन शिरली तर बस. चार आरामात शिरली तर दुसरी गाडी माग, एकही शिरत नसेल तरी दुसरी माग. बर्फातच उभी असेल तर खालून बर्फाने उचलून धरलेला असतो, काही कळणार नाही, तेव्हा निघताना किंचाळायचं नाही, ऐकायचं.